पाच शे की पाचशे

जळगावात आमच्या कॉलनीच्या बाकावर संध्याकाळी जी निवृत्त मंडळी बसतात, त्यांना अमेरिका उद्या काय करणार आणि रशिया परवा काय करणार, हे सगळं ठाऊक असतं. घरची भाजी कोणती हे मात्र बायकोला फोन करून विचारावं लागतं. मी त्यांच्या शेजारून फेऱ्या मारते आणि ऐकते. तोंड उघडावंसं फार वाटतं, कारण या दोन देशांनी एकेकाळी माझ्या सासरच्या ओसरीवरून चढाओढ केली होती. आणि त्या चढाओढीच्या मुळाशी माझी एक रेघ होती. हे आजवर मी घराबाहेर कोणाला सांगितलेलं नाही.

मी मूळची धुळ्याची. वडील कचेरीत कारकून, त्यामुळे घरात पुस्तकी मराठी. लग्न होऊन धरणगावजवळच्या खेड्यात आले, तेव्हा रशिया नावाचा तो अवाढव्य देश अजून अखंड होता. सासरी धाब्याचं घर, म्हणजे सपाट मातीच्या छताचं. त्या धाब्यावरून समोरच्या कडुलिंबापर्यंत एक तांब्याची तार ताणलेली. मला वाटलं, कपडे वाळत घालायची दोरी असेल. पहिल्याच दिवशी ओला परकर घेऊन वर चढले, तर सासूबाई खालून ओरडल्या, "अवं, ती मास्कोनी तार शे!"

सासूबाईंना सगळे अक्का म्हणत आणि सासऱ्यांना आबा. आबांचे धाकटे भाऊ, नाना, शेजारीच राहायचे आणि धरणगावच्या जिनिंगमध्ये कापसाची प्रत ठरवायचे. कापसाचं बोंड चिमटीत धरून धागा ओढला की नाना सांगत, हा माल कुठल्या शिवारातला. दोघा भावांत शेताचा वाद नव्हता की घराचा. वाद होता तो रेडिओचा, ज्याची एरियल म्हणजे ती धाब्यावरची तार. आबांना मॉस्को लागायचं, नानांना अमेरिका.

संध्याकाळी मॉस्कोहून मराठी कार्यक्रम लागायचा. लघुलहरींवरचा तो आवाज मधेच लांब जायचा, मधेच अगदी कानाशी यायचा. एक रशियन बाई बोलायची. तिची मराठी इतकी शुद्ध, की मी धुळ्याची असूनही मला माझ्या बोलण्याची लाज वाटायची. आबा मान हलवत म्हणायचे, "इतलं साफ तं आमना तलाठी बी बोलत नही." नंतर नाना काटा फिरवून अमेरिकेचा हिंदी कार्यक्रम लावत. "ज्याना मानूस चंद्रवर गया, त्याना आयकाना का ज्याना नही गया त्याना?" असा त्यांचा सवाल असे. यावर आबांचं उत्तर ठरलेलं होतं, "चंद्रवर कपाशी व्हस का?"

मी नवी सून. सासऱ्यांसमोर बसायची रीत नव्हती. उंबऱ्याच्या आत, दाराआड बसून मी ऐकायची. खोटं कशाला सांगू, अंगावर काटा यायचा. ज्या गावात धुळ्याचं पत्र यायला चार दिवस लागतात, तिथे हजारो कोसांवरची एक बाई आत्ता, या क्षणाला, आपल्याशी मराठीत बोलते आहे. तिनं मराठी शिकावी म्हणून एखाद्या देशानं किती खटाटोप केला असेल! तेही कोणासाठी, तर आमच्यासाठी. मला ते खरंच वाटेना.

एकदा ती बाई म्हणाली, आम्हाला पत्र लिहा, आपल्या भाषेत लिहा, आपल्याकडे किती श्रोते आहेत तेही कळवा. आबांनी मला हाक मारली. ते बाहेर खाटेवर, रस्त्याकडे तोंड करून बसलेले, आणि मी आत मांडीवर वही घेऊन. मी 'सप्रेम नमस्कार विनंती विशेष' असं लिहिलंसुद्धा. आबांनी विचारलं काय लिहिलं, आणि मी वाचून दाखवल्यावर हसले.

"ती बाई काय म्हणस? आपली भाषामा लिखा. मंग आपली भाषा कोणती? जी घरमा बोलतस ती. मी सांगस तसंच लिख पोरी, एक अक्षर बदलू नको."

तेव्हा मॉस्कोला अहिराणीत पत्र गेलं. मी सासऱ्यांच्या धाकानं शब्दन् शब्द तसाच उतरवला. आमना गाव धरणगावजोडे शे. आठे कपाशी भलती व्हस. तुमना आवाज सांजले साफ येस, पन मधमाच घरघर करस. तुमना देशमा कपाशी व्हस का? व्हस तं येचस कोन, मानसं का यंत्र? आणि शेवटी आबा थांबले. बोटं मोडत त्यांनी हिशेब केला. स्वतः, नाना, अक्का, माझे मालक. मग म्हणाले, "आनि तू. दारमांगे बठीसन आयकस, माले माहित शे." आणि सांगितलं, "लिख. आयकणारासनी संख्या पाच शे."

मला त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी मोजणीत धरलं होतं. इतका आनंद झाला, की पत्र देखणं व्हावं म्हणून मी शाळेत शिकलेली करामत केली. आधी अक्षरं बिनरेघेची लिहायची आणि मग वरून पट्टी ठेवून ओळीभर रेघ ओढायची. शब्द संपला की पेन उचलायचं असतं. शेवटच्या ओळीत 'पाच'नंतर मी ते उचललं नाही.

अहिराणीत 'शे' म्हणजे 'आहे'. हे मला तीन महिन्यांत अंगवळणी पडलं होतं. मॉस्कोच्या बाईला कोण सांगणार? आबा 'माणसं' म्हणाले असते, तर 'पाच शेतस' झालं असतं आणि हे रामायण घडलंच नसतं. पण ते 'संख्या' म्हणाले. एकवचन. पाच शे. आणि त्यावरून माझी सरळसोट रेघ.

दोन-अडीच महिने गेले. कपाशीला बोंडं धरली होती. एका संध्याकाळी रेडिओवर त्या बाईनं आमच्या गावाचं नाव घेतलं. नाव! अक्कांच्या हातातला तांब्या निसटला. बाई म्हणाली, धरणगावजवळच्या या गावात आमचे पाचशे श्रोते आहेत, हे वाचून आम्हाला अत्यंत आनंद झाला. मग तिनं आबांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. आमच्याकडे उझबेकिस्तानात कापूस होतो, तो यंत्रानंही वेचतात आणि हातानंही, आणि हातानं वेचणाऱ्या बहुतेक बायकाच असतात.

"घरोघर मातीन्या चुली," अक्का म्हणाल्या.

पाचशे हा शब्द ऐकताक्षणी मला माझी रेघ दिसली. आबा मात्र हरखून धाब्याकडे, त्या तारेकडे बघत होते. हलक्या आवाजात म्हणाले, "आपन तं पाच. मंग पाचशे कसा? त्यासनाकडे यंत्र शे. कोन कोठे आयकस, ते त्यासले समजस." त्यांना खरंच वाटलं, की गावात भिंतींआड, मळ्यांत, गुपचूप ऐकणारे आणखी लोक आहेत आणि त्यांची खबर आपल्याला नसली तरी मॉस्कोला आहे. एवढा आनंद मी कसा मोडणार होते? मी गप्प बसले. चूक करायला एक क्षण लागला होता, गप्प बसायला मात्र मला रोज नव्यानं बळ आणावं लागे.

मग धरणगावच्या पोस्टात गोण्या आल्या. बैलगाडीतून आणाव्या लागल्या. पाचशे कॅलेंडरं, बिल्ले, गव्हाच्या शेतांची आणि अग्निबाणांची चित्रं असलेल्या पुस्तिका. कागद असा गुळगुळीत, की अक्का त्यावरून नुसता हात फिरवत बसल्या. घराघरात रशियाचं कॅलेंडर लागलं. त्यात आठवडा सोमवारी सुरू व्हायचा. आमच्या लोकांना पहिला रकाना रविवारचा, एवढंच माहीत. अर्धं गाव भलत्याच वारी बाजाराला जाऊन रिकाम्या पिशव्या घेऊन परत आलं आणि मॉस्कोचा उद्धार करत बसलं.

नानांना हे सहन होणं शक्यच नव्हतं. त्यांनी जिनिंगच्या हिशेबनिसाकडून हिंदीत अमेरिकेला पत्र लिहवलं, की रशियाकडे आमच्या गावातून पाचशे आहेत, आपलं काय म्हणणं आहे? महिन्या-दीड महिन्यात अमेरिकेचं उत्तर आलं, तेही गोणीतूनच. चंद्रावर चालणाऱ्या माणसाची कॅलेंडरं, आणि त्यात रविवार पहिल्या रकान्यात. नाना गावभर सांगत फिरले, "देखा, वार तरी बरोबर शे!" लगेच रशियाकडून पुस्तकांचा आणखी एक गठ्ठा आला. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ. शाळेतल्या सगळ्या पोरांच्या वह्यांना त्या वर्षी परदेशी कव्हरं होती.

मी कव्हरं घालून द्यायची आणि मनात म्हणायची, केवढाले हे देश! एकाच्या पोटात सहा हिंदुस्थान बसतील, दुसऱ्याचा माणूस आभाळात चालून आला, आणि दोघांनाही आमच्या गावातली पाचशे माणसं आपल्याकडे हवीत. आणि ती पाचशे माणसं तर कुठे नव्हतीच. ती होती माझ्या पेनात.

हे असंच चाललं असतं, तर मीही विसरले असते. पण फाल्गुनात मॉस्कोचं पत्र आलं. मालकांनी ओसरीवर मोठ्यानं वाचलं. आमच्या एक प्रतिनिधी मुंबईत आहेत, त्यांना मराठी येते. आपण कळवल्याप्रमाणे गावात जे पाचशे श्रोते आहेत, त्यांना त्या भेटू इच्छितात.

आबा म्हणाले, "परत वाच." मालकांनी परत वाचलं. आबांचा चेहरा उतरला. "आपण कळवल्याप्रमाणे. म्हनजे यंत्र नही. आपनच कळवं. कधी कळवं?"

आता आबा कोण होते, ते सांगायला हवं. बांधाचा वाद झाला की लोक मोजणीवाल्याला बोलवायच्या आधी आबांना बोलवत. आबा दोन्ही शेतांतून चालत जात, एका जागी उभे राहत आणि म्हणत, आठे, म्हणजे इथे. तिथे दगड पुरला जाई. ना कागद, ना सही. आबांचा शब्द म्हणजे दगड, असं गावात म्हणत. त्या माणसाच्या नावानं मी रशियाला पाचशेची थाप मारली होती.

नाना म्हणाले, "त्यामा काय? पाचशे काय, हजार उभा करस. फक्त सांगो, गोरी बाई ई राहिनी."

"देखणारा हजार येतीन," आबा म्हणाले. "आयकणारा पाचच शेतस."

दुपारी अक्का मळ्यात गेल्यावर मी जुनी वही काढली. तिच्यात पत्राचा कच्चा खर्डा होता, तीच रेघ ओढलेला. पदर सावरून ओसरीवर गेले आणि वही आबांच्या पुढ्यात ठेवली. सांगताना रडू आवरेना. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हटलं, आबा, तुम्ही बरोबर सांगितलं, मी जोडून टाकलं. आणि रेडिओवर ऐकलं त्याच दिवशी मला कळलं होतं.

आबांनी चष्मा लावला. चौथी शिकलेले, अक्षर लावून लावून वाचायचे. पाच. शे. पाचशे. पुन्हा पाच, पुन्हा शे. आता ओरडतील, निदान माहेरचा उद्धार तरी करतील, म्हणून मी वाट बघत होते. त्यांनी वही मिटून मला परत दिली.

"रेघ भलती सरळ वढेल शे, पोरी," एवढंच म्हणाले.

मुंबईची ती प्रतिनिधी बाई आली ती एरंडोलकडून, जीपमधून. चाळिशीची असेल. उन्हानं नाक लाल झालेलं, पायांत साध्या चपला. अख्खं गाव लोटलं होतं. नानांनी सांगितलं नव्हतं तरी हजार नाही, पण पाचशेच्या वर माणूस खास होतं. धाब्यांवर बायका, लिंबावर पोरं. बाई खाटेवर बसली, हात जोडून म्हणाली, "मी आपणा सर्वांची अत्यंत आभारी आहे," आणि गावातून एकदम हुंकार उठला. एवढी मोठी सत्ता आमच्या खाटेवर बसून आमच्याच पितळी पेल्यानं पाणी पिते आहे! मी दाराच्या फटीतून बघत होते.

तिनं पिशवीतून आमचं पत्र काढलं. खरं तेच पत्र. ते मॉस्कोला गेलं, वाचलं गेलं, जपलं गेलं आणि परत आमच्या ओसरीवर आलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून ती म्हणाली, "फारच सुंदर हस्ताक्षर आहे. हे कोणाचे?"

मी कडीला हात लावला. ठरवूनच आले होते. बाहेर जायचं आणि सांगायचं, चूक माझी.

तेवढ्यात आबा उभे राहिले. बाईकडे नाही, गावाकडे तोंड करून उभे राहिले.

"अक्षर मन्ही वहूनं शे," ते म्हणाले. वहू म्हणजे सून. "आकडा मना शे. आयकणारा पाचच शेतस. पाचशे मीच सांगेल व्हतं. मन्ही चूक शे."

पंचावन्न-साठ वर्षांत आबांच्या तोंडून कोणी खोटं ऐकलं नव्हतं. आणि आता ते स्वतःच सांगत होते, की मी खोटं सांगितलं. हेच ते खोटं होतं, हे त्या एवढ्या गर्दीत फक्त मला कळलं. मी कडी धरून तशीच उभी राहिले. बाहेर गेले नाही.

बाईनं पत्राची घडी घातली. मग म्हणाली, "पाच श्रोतेही आम्हाला प्रिय आहेत." चहा घेतला, अक्कांचा हात हातात घेऊन निरोप घेतला आणि गेली. पुढच्या वर्षी मॉस्कोहून एक पाकीट आलं. त्यात मोजून पाच कॅलेंडरं होती. मी थक्क झाले. एवढ्या मोठ्या देशानं आबांचा शब्द मानला होता.

गावानं मानला नाही. लगेच काही झालं नाही. नाना तेवढे चिडवायचे, ते घरच्या घरात. पण चैत्रात एक बांधाचा वाद निघाला. आबा गेले, नेहमीसारखे चालत जाऊन उभे राहिले, आणि म्हणाले, आठे. ज्याचा हातभर तुकडा जाणार होता, तो म्हणाला, "आबा, तुम्ही नका मोजू. तुमना पाचना पाचशे व्हतस." लोक हसले. दगड पुरला गेला नाही. दुसऱ्या दिवशी मोजणीवाल्याला अर्ज गेला.

आबा घरी आले. अक्कांना म्हणाले, आता वय झालं, उन्हात फिरणं होत नाही, बांधावर जाणार नाही. त्यांचं वय झालेलं नव्हतं. त्याच आठवड्यात त्यांनी स्वतः बैल जुंपून वखर चालवला होता.

त्या संध्याकाळी मी रीत मोडली. ओसरीवर जाऊन त्यांच्यासमोर खाली बसले. रेडिओ बंद होता. म्हटलं, आबा, मी उद्या घराघरात जाऊन सांगते. रेघ माझी होती, आकडा तुमचा नव्हता. लोक मला काय म्हणायचं ते म्हणू देत, मी मुळात धुळ्याचीच आहे, बाहेरची.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावून नाही. समजूत घालावी तसं म्हणाले,

"तू सांगशी तं मी दोन खेप खोटा पडसू."

खरंच होतं ते. मी खरं सांगितलं, तर भर गावात मॉस्कोच्या बाईसमोर आबा जे बोलले, ते खोटं ठरणार होतं. त्यांनी रशियासाठी आकडा वाढवला नव्हता, नानांनी डिवचलं तरी अमेरिकेला हरवायला वाढवला नव्हता. आयुष्यात एकदाच खोटं बोलले, तेही घरात येऊन वर्षही न झालेल्या सुनेसाठी. आणि त्याची जी किंमत होती, ती मोजून ते मोकळे झाले. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि आत गेले.

आबा गेले त्यालाही आता कितीतरी वर्षं झाली. तो अवाढव्य देशही त्यांच्या डोळ्यांदेखत मोडला. गावात आज पस्तिशीच्या आतलं, म्हणजे तेव्हा जन्मलेलंही नसलेलं, कोणी भेटलं आणि मी घराचं नाव सांगितलं, की अजूनही एखादा हसून म्हणतो, पाचशेवाले आबा का? मी मान हलवते.

आज हे लिहून मी आबांना दुसऱ्यांदा खोटं पाडते आहे. पडू देत. पहिल्यांदा ते कोणासाठी खोटं बोलले, हे गावाला कळलंच पाहिजे.